कोन बदलता येणारा रेझर

नमस्कार मंडळी. समोर सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींच्या टूलरूममधले, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणारे, बरेच लोक दिसतायत आणि पॉलिटेक्निकची मुलंमुलीही आहेत, त्यामुळे मी थेट कामाचंच बोलतो. विषय सेफ्टी रेझर, आणि त्यातही एकच गोष्ट: पातं कातडीला किती अंशात लागतं, तो अंश वापरणाऱ्याला बदलता यावा का, आणि यावा असं वाटत असेल तर तो मेकॅनिझम आपण इथे नाशकात कसा बनवायचा.

आधी गोदाकाठच्या रामकुंडावर जाऊ. तिथे मुंडन करणारे कारागीर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, पण पुढच्या वेळी गेलात तर फक्त त्यांचं मनगट बघा. डाव्या हाताचा अंगठा आधी कातडी मागे ओढतो, मग उजव्या हातातला वस्तरा टाळूवर जवळजवळ आडवा पडतो, कानामागे आला की मुठीचा भाग जरासा उचलला जातो, आणि मानेच्या खळग्यात परत खाली येतो. डोक्याचा गोल बदलेल तसा कोन बदलतो आणि हे सगळं न बघता, समोरच्याशी बोलता बोलता चाललेलं असतं. वस्तऱ्यात कोन ठरवणारा एकही भाग नाहीये. कोन पूर्णपणे त्या माणसाच्या मनगटात आहे, आणि तो तिथे यायला वर्षं लागतात.

सेफ्टी रेझरने काय केलं, तर ही अक्कल मनगटातून काढून धातूत घातली. किंग कॅम्प जिलेटने 1901 मध्ये अर्ज केला, 1904 मध्ये पेटंट मिळालं, पण माझ्या मते त्यातलं खरं कठीण काम विल्यम निकरसन नावाच्या इंजिनियरने केलं, कारण इतक्या पातळ पोलादाला कडकपणा द्यायचा आणि तो वाकडातिकडा होऊ द्यायचा नाही हे तेव्हा कुणाला जमत नव्हतं. 1903 मध्ये त्यांचे फक्त 51 रेझर आणि 168 पाती विकली गेली, नंतर काय झालं ते आपल्या बाथरूममध्ये दिसतंच. जे पातं आपण आज किराणा दुकानातून आणतो ते साधारण 43 मिमी लांब, 22 मिमी रुंद आणि 0.1 मिमी जाड असतं, आणि टोपी, म्हणजे पात्यावरचं झाकण, आवळली की ते कमानीसारखं वाकतं. ती कमान किती, त्यावर धार कातडीला किती अंशात येणार ते ठरतं.

म्हणजे कारखान्यात ज्याने टोपीची त्रिज्या ठरवली त्याने तुमच्या दाढीचा कोन ठरवला. तुम्ही मूठ थोडी वरखाली करून टोपीवर भार द्याल किंवा गार्डवर, म्हणजे धारेच्या पुढे कातडीला टेकणाऱ्या पट्टीवर, द्याल, तेवढीच तुमची सूट. टोपीवर टेकलात की पातं आडवं पडतं, गार्डवर टेकलात की उभं राहतं, आणि दोन्ही एकदम टेकले की जो अंश येतो तो त्या रेझरचा स्वतःचा अंश.

आता कुणी म्हणेल की ॲडजस्टेबल रेझर तर कधीपासून मिळतात. मिळतात, जिलेटने 1950 च्या दशकाच्या शेवटी 1 ते 9 आकड्यांच्या डायलचा रेझर काढला, जर्मन बनावटीचेही आहेत, आणि सुंदर मशिनिंग असतं त्यांचं, मी मनापासून सांगतो. पण डायल फिरवल्यावर नेमकं काय हलतं ते बघा. गार्डची पट्टी पात्यापासून लांब किंवा जवळ जाते. म्हणजे बदलते ती फट, आणि फटीबरोबर धार किती बाहेर डोकावते तेही थोडं बदलतं. फट वाढली की गार्ड आणि धार यांच्यामध्ये कातडी जास्त फुगते आणि दाढी जास्त घासून होते, आपण म्हणतो रेझर कडक झाला. पात्याचा अंश मात्र मुख्यतः टोपीच्या कमानीतून येतो आणि ती कमान तशीच राहते. फट, धारेचं डोकावणं आणि कोन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डिझाइन करणाऱ्याने त्या मनात वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत, कारण एक हलवली की बाकीच्या दोन ओढल्या जातात, आणि सगळी मारामारी तिथेच आहे.

हे आकड्यात बघू, फळ्यावर करतो. 22 मिमीचं पातं मध्ये धरून सारखं वाकवलं, प्रत्येक बाजू 11 मिमी. धारेशी 30 अंश हवे असतील तर त्रिज्या 21 मिमी येते आणि धार मध्यापासून 2.8 मिमी खाली येते. 25 अंश हवे असतील तर त्रिज्या 25.2 आणि धार 2.36 खाली. फक्त 5 अंशांसाठी धार जवळजवळ अर्धा मिमी वर सरकली. आणि फट किती असते, तर अर्ध्यापासून एक मिमीच्या आसपास, धारेचं डोकावणं तर दशांश मिमीत मोजायचं. म्हणजे कमान बदलून कोन बदलायला गेलात तर कोन बदलायच्या आधी बाकीचं सगळं बिघडून बसतं. म्हणून दुधारी पातं अख्खं ठेवून हे करायचं माझ्या मते सोडून द्यावं.

पण कोन बदलायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या अण्णांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांची दाढी मी करायचो. चेहऱ्याची डावी बाजू सैल पडलेली, उजवी पहिल्यासारखी ताठ. उजव्या गालावर जो रेझर छान चालायचा तोच डाव्या गालावर कातडीची घडी पुढे ढकलत जायचा आणि मग ओरखडा. अंगठ्याने ताणून धरायचो, पण दुसऱ्याच्या जबड्याखाली, पलंगाच्या कडेला वाकून, मूठ कधी उशीला लागते कधी छातीला, तिथे मनगट आपल्याला हवं तसं फिरतच नाही. डाव्या बाजूला पातं थोडं आडवं हवं होतं आणि ते माझ्या हाताला देता येत नव्हतं. एकाच चेहऱ्याला दोन कोन लागत होते. ज्यांचा हात थरथरतो त्यांचं, आणि घरोघरी आईवडिलांची सेवा करणाऱ्या लेकीसुनांचं, ज्यांनी आयुष्यात कधी रेझर धरलेला नसतो, त्यांचंही हेच. त्यांना अंश सेट करून द्यावा आणि त्यांनी फक्त धारेच्या पुढचा गार्ड आणि मागची पट्टी दोन्ही कातडीला टेकवून ओढावं, एवढंच काम उरलं पाहिजे. माझी सगळी धडपड याच्यासाठी आहे.

आता मेकॅनिझम. पातं घ्यायचं अर्धं, सलूनमध्ये कागदासकट मधोमध मोडून वस्तऱ्यात घालतात तसं. कुठल्याही टपरीवर मिळतं, स्वस्त आहे, आणि एका बाजूलाच धार असल्यामुळे ते फिरवता येतं. प्रश्न एकच, फिरवायचं कशाभोवती. सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं की मागे एक पिन टाका, बिजागरी झाली. समजा पिन धारेपासून 5 मिमीवर आहे, तर 5 अंश फिरवलं की धार 0.44 मिमी सरकते, म्हणजे परत तेच दुखणं. त्यामुळे फिरण्याचा अक्ष धारेवरच पाहिजे, बरोबर त्या रेषेवर. तिथे पिन टाकता येत नाही हे उघड आहे, तिथे तर धार आहे आणि पलीकडे माणसाचा गाल आहे. मग करायचं असं की दोन्ही टोकांच्या तबकड्यांमध्ये कमानीसारख्या खोबण्या कापायच्या, ज्यांचा केंद्रबिंदू धारेवर येतो, आणि पातं धरणारी गाडी त्या खोबण्यांतून सरकते. गाडी मागे वरखाली होते, धार जागच्या जागी फिरते. फट तीच, डोकावणं तेच, फक्त अंश बदलतो.

खोबणी वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, काढा. दोन्ही तबकड्या एकावर एक बांधून एकाच सेटिंगमध्ये कापा, नाहीतर डावीउजवीकडे फरक पडला की धार तिरकी बसते आणि एका टोकाला जास्त कापते. आणि पातं बसवताना मोडलेल्या बाजूवर अजिबात टेकवू नका, तिथे बर, म्हणजे मोडल्याची खरखरीत कड, असतो आणि माप भरवशाचं नसतं. पात्याच्या मधल्या खाचेची जी अर्धी बाजू उरते ती धारेशी कारखान्यातूनच समांतर आलेली असते, पिना तिथे टेकवा.

आता जिथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला ती जागा. रेझरचा खालचा जबडा, म्हणजे पात्याला खालून धरणारा भाग. रेझर ओढताना पुढे गार्ड, मग धार, मग मागची पट्टी असा क्रम असतो, आणि मागची पट्टी पातं आणि कातडी यांच्यामधल्या पाचरीत बसते. ही पट्टी गाडीबरोबर फिरली तर टेकण्याची पातळीच बदलेल, म्हणून ती चौकटीला पक्की हवी. मी ती धारेच्या मागे 4 मिमीवर ठेवतो. 20 अंशांवर तिथे पातं कातडीपासून किती वर आहे, तर 1.46 मिमी. त्यात पात्याला खालून धरणारा जबडा अर्ध्या मिमीचा, म्हणजे पट्टीला राहिले जेमतेम 0.9. बसतं, पण जेमतेमच. आणि जबडा धारेच्या जितक्या जवळ आणाल तितकं चांगलं, कारण पात्याचा मोकळा भाग दुप्पट झाला की तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं, थडथड करतं, आणि ती थडथड गालाला लगेच कळते. मला जबडा धारेपासून 1 मिमीवर हवा आहे. पण तिथे 20 अंशांवर जागा किती, 0.36 मिमी! अर्ध्या मिमीचा जबडा तिथे धारेच्या आधी कातडीला लागेल. म्हणून जबड्याचं टोक 0.2 पर्यंत निमुळतं घासावं लागतं आणि तरी ते आवळताना वाकता कामा नये. पितळेत हे टिकणार नाही, स्टेनलेसच लागतं.

अंश किती ते किती ठेवायचा? धारेची स्वतःची पाचर दोन्ही बाजू मिळून 15-20 अंशांच्या घरात असते, म्हणजे एका बाजूला 8-10. पातं त्याहून आडवं केलं तर पाचरीचा खालचा उतारच कातडीवर झोपेल आणि धार वर राहील, केस कापलाच जाणार नाही. वरच्या बाजूला जितकं उभं कराल तितकं ते कापण्यापेक्षा खरवडायला लागतं. मी 20 ते 34 ठेवलेत. फिरवायला एम3 चा, म्हणजे 3 मिमी व्यासाचा, स्क्रू, आट्यांचं अंतर 0.5 मिमी, धारेपासून 14 मिमीवर. एक फेरा म्हणजे 2 अंश, डोक्यात ठेवायला सोपं. फक्त आट्यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मारायला एका बाजूने स्प्रिंगचा दाब हवाच, नाहीतर सेट केलेला अंश पहिल्याच ओढीत हलेल.

तपासायला प्रोफाइल प्रोजेक्टर, म्हणजे वस्तूची मोठी केलेली सावली पडद्यावर दाखवणारं यंत्र, वापरा, आपल्याकडे बऱ्याच शॉपमध्ये आहे. रेझर आडवा लावून पडद्यावर सावली घ्या, गार्ड आणि मागच्या पट्टीला स्पर्श करणारी रेषा ओढा, आणि स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. धारेचं टोक त्या रेषेवरून हललं नाही पाहिजे. हललं तर खोबणीचं केंद्र चुकलंय, तिथे कानस मारून काही होत नाही, तबकडी नवीन कापा.

मटेरियलबद्दल थोडक्यात. मूठ आणि चौकट पितळेची केली तरी चालेल, नाशकाला पितळेचं वावडं नाही, भांडी बाजारात आजही तुम्हाला त्यावर हात बसलेले लोक भेटतील. पण निकेल-क्रोम करणार असाल तर प्लेटिंगची जाडी आधीच मापातून वजा करा, आणि कडांवर ती जास्त चढते हे धरून चाला, खोबणीत तर प्लेटिंग नकोच. जस्ताचं डाय कास्टिंग स्वस्त पडतं, पण प्लेटिंगला भोक पडलं की पाणी आत जातं आणि रेझर आतून खायला लागतो. दुसरं म्हणजे खोबणीत साबण आणि केस अडकणारच, म्हणून गाडी हत्याराशिवाय काढता आली पाहिजे, नळाखाली धरली की स्वच्छ. दुसऱ्याची दाढी करायची आहे, तिथे स्वच्छता आधी.

मागून कुणीतरी विचारलं की कोन बरोबर असला तर पातं जास्त टिकतं का. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या लोकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे बघितलं. केस पोलादापेक्षा 50 पट मऊ, तरी एक केस धारेचा टवका काढू शकतो, आणि तो निघतो कधी, तर केस वाकायला मोकळा असतो आणि पात्याला तिरका लागतो तेव्हा. पण तो केस आणि पात्यामधला कोन झाला. मी जो बदलतोय तो कातडी आणि पात्यामधला, आणि केस तर गालावर हव्या त्या दिशेला उगवतात, त्यामुळे पातं जास्त टिकेल असा दावा मी करणार नाही. गरम पाण्याने केस चांगले भिजवा, त्याने कापायला जोर कमी लागतो हे मात्र नक्की.

ताईंनी विचारलं की घरी सुरुवात कितीवर करायची. 26 वर करा. ओढताना आवाज येतो पण केस मागे राहतात असं झालं तर अर्धा फेरा वाढवा, कातडी लाल होत असेल तर अर्धा फेरा कमी. सैल गालासाठी 22 च्या आसपास बघा आणि अंगठ्याने ताणणं सोडू नका, त्याला पर्याय नाही. स्क्रू फिरवायचा तो रेझर चेहऱ्यापासून लांब धरूनच.

ड्रॉइंग टेबलावर आहे, ज्याला हवं त्याने फोटो काढा, पैसे वगैरे काही नाही. ज्यांच्याकडे सरफेस ग्राइंडर आहे त्यांनी मात्र पाच मिनिटं थांबा, जबड्याच्या त्या 0.2 मिमीच्या टोकासाठी फिक्स्चर, म्हणजे घासताना भाग पक्का धरणारी चौकट, कसं करायचं ते मला तुमच्याशी बोलायचंय.