शाळेची घंटा वाजली की टोनीचा लांडगा होतो

१९५७चा 'आय वॉज अ टीनएज वेअरवुल्फ' हा अमेरिकन भयपट घेऊ. वेअरवुल्फ म्हणजे गोष्टींतला पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. निर्माता हर्मन कोहेन, दिग्दर्शक जीन फाउलर ज्युनियर. बजेट लाखभर डॉलरच्याही आत, शूटिंग आठवड्याभरात उरकलेलं, आणि कमाई २० लाख डॉलरच्या आसपास. नाव ऐकूनच लोक हसतात, पण मला हा सिनेमा मनापासून आवडतो, आणि त्यात चुकाही बऱ्याच आहेत, त्यामुळे तो का आवडतो ते नीट सांगायला हवं.

सिनेमाचा नायक, शाळकरी पोरगा टोनी झालाय मायकेल लँडन, जेमतेम विशीतला, 'बोनान्झा' या टीव्ही मालिकेच्या आधीचा. सिनेमा सुरू होतो तोच मारामारीने, आणि कारण काय, तर कोणीतरी मागून खांद्यावर थाप मारली. पुढे पार्टीत एक मित्र मागून येऊन कानाशी भोंगा वाजवतो तर टोनी त्यालाच बडवतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात, त्याचा स्वतःचाही. म्हणजे बघा, लांडगा व्हायच्या आधीच हा पोरगा दचकला की हात उचलतोय. मग शाळेच्या जिममध्ये एक मुलगी बारवर उलटी होऊन प्रॅक्टिस करतेय, टोनी बघत उभा आहे आणि डोक्याशीच शाळेची घंटा वाजते. बस्स. पौर्णिमेचा चंद्र वगैरे काही लागतच नाही! ती उलटी असल्यामुळे तिला तो उलटा दिसतो आणि कॅमेराही आपल्याला तसाच उलटा दाखवतो, तोंडाला फेस, अंगात मात्र शाळेचंच जॅकेट. कॅमेरामन जोसेफ लाशेल, ज्याला 'लॉरा' या सिनेमासाठी ऑस्कर मिळालं होतं, त्यामुळे एवढ्या कमी पैशातही हा सीन उभा राहिलाय.

यानंतर मात्र सिनेमा ढेपाळतो. जंगलात नुसती पळापळ. त्याआधीही पोलीस स्टेशनचा सफाईवाला नेमका पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातला निघतो आणि झटक्यात ओळखतो की हे वेअरवुल्फचं काम, ही सोय फारच ढोबळ आहे. टोनीची मैत्रीण काळजी करण्यापलीकडे काही करत नाही.

पण मला खरी खटकते ती टोनीवर उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ब्रँडनची गोष्ट. व्हिट बिसेलने हा माणूस इतका शांत, इतका सभ्य केलाय की भीती वाटते. सगळे टोनीच्या मागे लागतात की बाबा डॉक्टरकडे जा, तो आधी चिडतो, आणि शेवटी स्वतःहून जातो, मला बरं करा म्हणून. आणि तिथेच त्याचा घात होतो, इंजेक्शन देऊन, हिप्नोटाइज करून डॉक्टर त्याच्यावर प्रयोग करतो आणि त्याचा लांडगा करून टाकतो. मदत मागायला आलेल्या पोराचा विश्वास मोडणं, एवढं पुरेसं होतं हो! पण लेखकांनी डॉक्टरच्या तोंडी मानवजात वाचवायची तर तिला आदिम अवस्थेत परत नेलं पाहिजे असलं काहीतरी घातलं आणि तो इतर सिनेमांतल्या वेड्या शास्त्रज्ञांसारखा होऊन बसला.

आणि ज्या डिटेक्टिव्ह डोनोवनने हा डॉक्टर सुचवला, तोच शेवटी टोनी मरून पडल्यावर माणसाने देवाच्या कामात ढवळाढवळ करू नये असं बोलतो. त्या पोराला तिथे पाठवलं कोणी, हे त्याला कोणी विचारत नाही, सिनेमाही विचारत नाही.