पायाच्या अंगठ्याची चिठ्ठी

मित्रहो, माझ्या हातात हा जाड कागदाचा तळहाताएवढा तुकडा आहे. त्याच्या एका टोकाला दोरा ओवण्यासाठी भोक पाडलेले आहे. शवागारात मृतदेहाच्या पायाच्या अंगठ्याला अशी चिठ्ठी बांधतात. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ जेसन दे लिऑन आणि त्यांच्या ‘अनडॉक्युमेंटेड मायग्रेशन प्रोजेक्ट’ या संस्थेने अशा ३२००हून अधिक चिठ्ठ्यांची एक भिंत रचली. ‘होस्टाइल टेरेन ९४’, म्हणजे ‘वैरी भूमी ९४’, हे तिचे नाव. कागदपत्रांवाचून देश ओलांडणाऱ्या माणसांविषयी आज बोलायचे आहे, आणि ते मी मुख्यतः या एका भिंतीच्या आधाराने बोलणार आहे.

नावातला ९४ हा आकडा १९९४ सालचा. त्या वर्षी अमेरिकेच्या सीमा गस्ती दलाने असे धोरण आखले, की एल पासो, सॅन डिएगो यांसारख्या शहरांलगतच्या सीमेवर पहारा इतका कडक करायचा, की येणाऱ्यांना ओसाड आणि दुर्गम मुलखातूनच वाट काढावी लागेल आणि त्या मुलखाच्या धास्तीने बरेच जण येण्याचा विचारच सोडून देतील. धास्ती घेऊन लोक थांबले नाहीत. त्यांनी वाट बदलली. ती वाट ॲरिझोनातील सोनोराच्या वाळवंटातून जाते. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंशांच्या पुढे असतो, चाल कित्येक दिवसांची असते आणि तेवढ्या दिवसांचे पाणी कोणाही माणसाला पाठीवर वाहून नेता येत नाही. पाण्याचा कॅन उन्हात चमकून पहारेकऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून काळ्या प्लास्टिकचे कॅन विकले जातात, पाऊलखुणा उमटू नयेत म्हणून बुटांवर चढवायचे गालिच्याच्या तळव्यांचे जोडे मिळतात. माणूस कोसळतो तेव्हा मृत्यूचे कारण म्हणून उष्णतेची नोंद होते, आणि ज्या धोरणाने त्याला त्या उन्हात लोटले त्याचा उल्लेख कुठल्याच रकान्यात येत नाही.

भिंतीवर ॲरिझोना-मेक्सिको सीमेचा मोठा नकाशा असतो. ज्या ठिकाणी देह सापडला, नेमक्या त्याच ठिकाणी त्याची चिठ्ठी टाचलेली असते. ओळख पटली असेल तर चिठ्ठी फिकट पिवळसर, पटली नसेल तर नारिंगी. दुरून पाहिले तर काही भागांत चिठ्ठ्यांचा असा खच दिसतो, की खालचा नकाशाच झाकून जातो. जवळ गेल्यावर अक्षरे दिसू लागतात: नाव, वय, लिंग, देहाची अवस्था, मृत्यूचे कारण, सापडल्याची जागा आणि दिवस. हे सगळे गावोगावच्या स्वयंसेवकांनी हाताने लिहिलेले असते. मला या कामाचे मर्म या हस्ताक्षरात वाटते. छापील यादीवरून नजर घसरते; हाताने लिहिताना घसरू शकत नाही. ‘वय १९’ लिहायला जितके क्षण लागतात तितके क्षण तरी आपण त्या एकोणीस वर्षांच्या माणसाजवळ थांबतो.

नारिंगी चिठ्ठ्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्याकडे अशा देहाला आपण सहज ‘बेवारस’ म्हणतो. हा शब्द इथे लागू पडत नाही. यांना वारस आहेत, ते वर्षानुवर्षे वाट पाहत आहेत; पण अमेरिकेत राहणाऱ्या अनेक नातेवाइकांकडे स्वतःचीच कागदपत्रे नसतात, म्हणून माणूस हरवल्याची तक्रार द्यायला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे धैर्य त्यांना होत नाही. एकीकडे शवागारात नाव नसलेला देह आणि दुसरीकडे घरात देह न मिळालेले नाव. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात ‘कोलिब्री सेंटर’ने हाती घेतले. या संस्थेने नातेवाइकांकडून माहिती आणि डीएनएचे नमुने घेतले.

त्याच वाळवंटात अल्वारो एन्सिसो हे मूळचे कोलंबियाचे कलावंत देह सापडलेल्या जागी लाकडी क्रूस रोवत हिंडतात. प्रत्येक क्रूसावर एक लाल ठिपका असतो, कारण मृत्यूंच्या नकाशावर प्रत्येक माणूस लाल ठिपक्यानेच दाखवलेला असतो. वाटसरूंनी टाकलेल्या डब्यांचा गंजका पत्राही ते त्या क्रूसांवर जडवतात. त्यांच्यासोबत पाण्याचे कॅन घेऊन स्वयंसेवक चालतात, आणि कला व चळवळ यांतली सीमारेषा माझ्या मते तिथे उरतच नाही. पाणी ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. २००८ साली एका स्वयंसेवकाला राखीव अभयारण्यात पाण्याचे कॅन ठेवल्याबद्दल कचरा टाकल्याच्या आरोपाखाली दोषी ठरवले गेले. ते कॅन ठेवण्याच्या दोनच दिवस आधी त्याला चौदा वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह आढळला होता. २०१० साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

आता एक आक्षेप, जो मला रास्त वाटतो. मेलेल्यांच्या वतीने इतरांनी किती बोलावे? कागदपत्रे नसलेले जिवंत लोकही चित्रे काढतात, लिहितात, मोर्चे काढतात. हुलिओ साल्गादो स्वतः त्यांच्यापैकीच. त्यांच्या भडक रंगांच्या चित्रांत त्यांचे सवंगडी ताठ मानेने समोर पाहतात, कुणाची दया मागत नाहीत. भिंतीशेजारी ही चित्रे असलीच पाहिजेत. पण म्हणून भिंत अनावश्यक ठरत नाही. ज्यांना ताठ उभे राहण्याची संधीच मिळाली नाही त्यांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. जून २०१९मध्ये त्याच वाळवंटात सहा वर्षांची एक भारतीय मुलगी उष्माघाताने गेली. तिची आई तिला सोबतच्या बाईजवळ ठेवून पाणी शोधायला गेली होती. फेब्रुवारी २०२५मध्ये अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात अमेरिकेने परत पाठवलेले १०४ भारतीय होते, त्यांतल्या अनेकांना बेड्या घातलेल्या होत्या, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही होते. परक्या माणसाबद्दल आपल्या तोंडी ‘घुसखोर’ हा शब्द किती सहज येतो, हे त्या आठवड्यात मला फार बोचले, कारण आपल्या माणसांना तो कुणी लावलेला आपल्याला सहन होत नव्हता.

शेवटी पुन्हा या चिठ्ठीकडे येतो. हिच्यावर दिवसाचा रकाना आहे, पण तो देह सापडल्याचा दिवस असतो. माणूस कधी गेला हे बहुतेकदा कळत नाही. आपल्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहे. पण पान वाढण्यासाठी, माणूस गेला आहे एवढे तरी घरच्यांना कळावे लागते. नारिंगी चिठ्ठ्यांच्या घरी तेही कळलेले नाही, आणि तिथे अजून फोन वाजला की कुणीतरी धावत जातो.