फोनातली खातेफोड

(गुहागर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मे महिन्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख 'तंत्रज्ञ' अशी करून दिली. तंत्रज्ञ वगैरे काही नाही, माझं मोबाइलचं दुकान आहे. स्क्रीन बदलतो, चार्जिंगची पिन बदलतो, पावसात भिजलेले फोन उघडून वाळवतो. आज बोलायचंय ते घरातल्या सगळ्या फोनांत एकच खातं चालवण्याबद्दल, आणि ते सगळं काउंटरवर ऐकलेलं आणि थोडं स्वतःच्या घरात भोगलेलं.

गणपतीला चाकरमानी घरी येतो तेव्हा स्वतःचा जुना फोन आवशीसाठी घेऊन येतो. हातात देताना म्हणतो, "सगळं करून ठेवलंय, तू फक्त हिरवं बटण दाब." सगळं म्हणजे काय? फोनात त्याचंच जीमेल, म्हणजे गूगलचं खातं, तसंच चालू. पुढच्या वर्षी तसाच एक फोन बापसाला, मग ऑनलाइन शाळेसाठी पोराला घेतलेला एक. चार फोन, चार सिमकार्डं, चार माणसं, आणि खातं एकच. पासवर्ड एकच लक्षात ठेवायचा, हे कारण. मीही गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं असंच करून देत आलो, हे आधीच कबूल करतो. समोर एसटी पकडायची घाई असलेला माणूस उभा असतो आणि नवीन खातं काढायला दहा मिनिटं जातात.

इथे सातबारा न बघितलेला माणूस नसणार. आमच्या सातबाऱ्यावर चोवीस नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं मी पाहिलेली नाहीत, काही तर वारलेली आहेत. त्या सामाईकपणाला आपण कंटाळतो, पण तिथे निदान एक सोय असते. एकाने परस्पर काही केलं तर दुसऱ्याला हरकत घेता येते. सामाईक फोनखात्यात हरकतच नाही. ज्याचा हात आधी चालेल तो मालक. कारण कंपनीच्या लेखी तिथे चार माणसं नाहीतच. तिथे एकच माणूस आहे आणि त्याच्याकडे चार फोन आहेत.

आता आमच्या घरातलं. धाकटा भाऊ आंब्याचं बघतो. त्याची गिऱ्हाइकं मुंबई-पुण्याची, आणि नावं साठवायची त्याची पद्धत म्हणजे 'पार्ले दोन पेट्या', 'कोथरूड कच्चा पाहिजे', 'डोंबिवली पैसे उशिरा'. आईला फोन दिला तेव्हा मी त्यात भावाचंच खातं घातलं. आई माहेरचं एखादं नाव शोधायला जायची आणि मधे ही डोंबिवली यायची. फेब्रुवारीत एका दुपारी पडवीत बसून तिने सगळी पुसली, खराट्यासाठी हीर काढावेत तशी एकेक. रात्री जेवताना म्हणाली, "आज फोन झाडून घेतला." आम्ही कौतुक केलं.

मार्चअखेर पहिली काढणी झाली. भाऊ फोन लावायला बसला तर यादीत माणसंच नाहीत.

नावं फोनात असतात असं आपण समजतो. ती असतात खात्यात, फोन नुसती खिडकी. एका खिडकीतून हात घालून वस्तू उचलली की दुसऱ्या खिडकीतूनही ती दिसेनाशी होते. गूगलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेलं नाव कचरापेटीत ३० दिवस राहतं, तेवढ्यात परत आणता येतं. आम्हाला कळलं तेव्हा चाळीसेक दिवस उलटले होते. व्हॉट्सअॅपवरचं जुनं बोलणं शाबूत होतं, पण नावाच्या जागी नुसते नंबर. मग फोटोंवरून ओळखत बसलो. कोणाच्या फोटोत नातू, कोणाच्या फोटोत गणपती, तिघांच्या फोटोत सूर्यास्त. "हा सूर्यास्त कोणाचा?" यात रात्री गेल्या. आईला कोणी बोललं नाही. बोलणार काय? हा फोन तुझा, असं आम्हीच तिला सांगितलं होतं.

नाव पुसणं परवडलं, बदललेलं नाव जास्त छळतं. एका घरात सुनेने स्वतःच्या आईचा नंबर 'आई' म्हणून ठेवला होता. सासूबाईंच्या फोनात तो दिसला. त्यांना वाटलं, आपल्या आईचा नंबर कोणीतरी चुकीचा घातलाय, म्हणून त्यांनी तो दुरुस्त केला. सून माहेरी फोन लावते आणि उचलतात वेळणेश्वरच्या नव्वदीच्या आजी. आजींना बरं वाटलं, एवढाच त्यातला फायदा.

जागेचंही तसंच. गूगलच्या एका खात्याला मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट असतात. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. चार फोनांतले हळदीचे व्हिडिओ आणि 'शुभ सकाळ'ची गुलाबाची फुलं त्या एका कणगीत. कणगी भरली की नवीन मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं मुलाखतीचं पत्र असंच परत गेलं. तो महिनाभर कंपनीला शिव्या देत होता.

खातंच वाईट, असं कृपा करून समजू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर कितीतरी दिवस चिखल भरलेले फोन माझ्याकडे येत होते. त्यातले बरेचसे गेलेलेच. पण ज्यांनी खात्यात बॅकअप चालू ठेवला होता, त्यांना नवीन फोनात नावं मिळाली, फोटो मिळाले. बाकीच्यांनी माझ्यासमोर रिकामा फोन हातात धरून बसकण मारलेली मी पाहिली आहे. म्हणून खातं हवंच. फक्त ज्याचं त्याचं हवं.

यावर ठरलेला प्रश्न येतो, "घरात काय लपवायचंय?" विचारणारा बहुतेक वेळा पासवर्ड माहीत असलेला माणूस असतो, हे मी बघून ठेवलंय.

एक प्रसंग सांगतो, गाव सांगत नाही. मुलगा मुंबईला, आई इकडे, खातं एक. मुलगा फोनात काहीतरी शोधायला गेला तर आधी शोधलेल्या गोष्टींत त्याला दिसलं, छातीत गाठ कशामुळे येते. एका खात्यावरचा शोधाचा इतिहास दुसऱ्या फोनातही असा डोकावतो. त्याने शोधलेलं नव्हतं, म्हणजे आईने. तो रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दारात उभा. तपासणी झाली, गाठ साधी निघाली. मुलगा मला म्हणाला, "बघा, एक खातं होतं म्हणून कळलं." पुढे त्या बाई स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मला माझं वेगळं करून द्या. मी त्याला सांगणारच होते, पण आधी मला स्वतःला कळू दे की." दोघांचंही मला पटतं. पण फोन बाईंचा होता. कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली, आणि आमच्या आया स्वतःच्या फोनात अजून दुसऱ्याच्या नावाने राहतात.

पैशांची भीती मात्र लोक उगाच घेतात. खातं एक म्हणून आईच्या यूपीआयमधून मुलगा पैसे काढेल, असं होत नाही. यूपीआय बँकेशी जोडलेल्या नंबरच्या सिमला आणि त्या फोनाला बांधलेलं असतं, वर पिन लागतो. धोका आहे तो प्ले स्टोअरला जोडलेल्या कार्डाचा, नातू खेळातली तलवार विकत घेतो. आणि ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डांचा. ते त्या खात्यावरच्या सगळ्या फोनांत जाऊन बसतात.

तर उपाय. सामाईक जमीन फोडून ज्याची त्याच्या नावावर वेगळी करणं, त्याला आपण खातेफोड म्हणतो, जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५. फोनातली खातेफोड फुकट आहे आणि चुलत्यांच्या सह्या लागत नाहीत. पण क्रम चुकवू नका. आधी आईच्या फोनात आईच्या नंबरवर नवीन खातं काढा, जुनं तसंच राहू द्या. मग कॉन्टॅक्ट्समधून नावं एक्स्पोर्ट करा, त्यांची एक फाइल होते, ती नव्या खात्यात इम्पोर्ट करा. नको असलेली नावं तिथे, नव्या खात्यात पुसा. हवे ते फोटो नव्या खात्याला पाठवा. व्हॉट्सअॅप नंबरवर चालतं, त्याला काही होत नाही, मात्र त्याचा बॅकअप कुठल्या खात्यात जातो ते बदला आणि एकदा बॅकअप घ्या. हे सगळं झाल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन जुनं खातं त्या फोनातून काढा. खातं काढलं की त्याची नावं त्या फोनातून जातात, बाकीच्यांकडे राहतात. हाताने एकेक पुसाल तर आमच्या आंब्यासारखं होईल. फोटोंचंही तेच, पण ते कचरापेटीत ६० दिवस मिळतात, थोडी उसंत आहे. शेवटी जुन्या खात्याचा पासवर्ड बदला.

वेगळं झालं म्हणजे तोंड फिरवलं असं नाही. जुन्या सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' अशी नोंद असते बघा, एकत्र कुटुंब मॅनेजर. गूगलने नेमकं तेच पद ठेवलंय, फॅमिली मॅनेजर. तो धरून सहा जणांचा गट करता येतो. विकत घेतलेली अॅप, जादा जागा, हे सामाईक. मेल, नावं, शोध ज्याचे त्याचे. अॅपलकडेही ही सोय २०१४ पासून आहे, तिथेही सहाच. आमच्या घरात एका पंगतीलाच सहाच्या वर माणसं असतात, पण ते असो. तेरा वर्षांखालच्या पोराचं खातं आईबापाने काढून आपल्या देखरेखीखाली ठेवायचं. आयफोनवाल्या घरांत खातं एक ठेवलं तर बोटीवरच्या नवऱ्याचा फेसटाइम पोराच्या फोनावरही वाजतो आणि कोणाला कधी फोन केला ती यादीही दोन्हीकडे दिसते. अशी दोन भांडणं मी मिटवली आहेत. एक मिटलं नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, वारस नोंदीचं काय. आहे, तीही आहे. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून असतं. इतके महिने मी खातं वापरलं नाही तर अमक्याला कळवा, त्याला हे हे द्या, असं लिहून ठेवता येतं. अॅपलने २०२१ मध्ये अशीच सोय दिली. आणि गूगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणजे इथे पडीकही ठेवून चालत नाही.

आमच्या आईचं खातं त्या मोसमानंतर जूनमध्ये काढलं. पाऊस लागलेला, दुकानात कोणी नाही. फोनाने नाव विचारलं. आई म्हणाली, "ह्यांचं घाल." मी म्हटलं, तुझं विचारतोय. तिने सांगितलं. जन्मतारीख विचारली. "शाळेतली १ जून, खरी नारळी पौर्णिमेच्या आसपास." १ जून घातली. मग तिच्या नावाचं जीमेल मागितलं, तर ते आधीच कोणीतरी घेतलेलं. "माझं नाव दुसऱ्या कोणाकडे आहे?" तिला फार गंमत वाटली. शेवटी माहेरचं आडनाव मागे जोडलं, ते मिळालं.

आता तिच्या यादीत एकसष्ट नावं आहेत. त्यात माझा भाऊ 'आंबेवाला' म्हणून आहे. काय विचारायचं असेल ते विचारा, लाइट आहे तोवर.