सोचीतील ती दुसरी संध्याकाळ

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरू लागला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, कारण पानांवरचे दव गोठले तर वर्षभराची मेहनत एका रात्रीत वाया जाण्याची भीती असते. आपली, म्हणजे नाशिककरांची, बर्फाशी ओळख बहुधा इथे सुरू होते आणि इथेच संपते. तरीही आज मी आपल्याशी फिगर स्केटिंग या बर्फावरच्या खेळाविषयी बोलणार आहे, कारण या खेळातील एक प्रसंग गेली कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून आहे. त्या प्रसंगाकडे जाण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागेल; ती मी लवकर आटोपते.

स्केटिंगच्या बुटाखाली जे पोलादी पाते असते, त्याची जाडी साधारण 4 मिलिमीटर असते. पात्याच्या तळाला लांबीच्या दिशेने एक उथळ खाच असते आणि त्या खाचेमुळे एकाच पात्याला दोन धारा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. खेळाडू बर्फावर पूर्ण पात्याने क्वचितच उभा असतो. तो बहुतेक वेळ या दोन धारांपैकी एकीवर कललेला असतो. कोणती उडी कोणत्या धारेवरून घेतली, हे परीक्षक डोळ्यांत तेल घालून पाहतात. आतली धार आणि बाहेरची धार, या एका फरकावर उडीचे नाव बदलते आणि गुणही बदलतात.

या खेळात मुख्य उड्या सहा आहेत: टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. त्यांपैकी पाच उड्या पाठमोऱ्या सरकत घेतात. ॲक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून घेतली जाते, पण उतरताना मात्र पाठमोरेच उतरावे लागते. त्यामुळे तिला नेहमी अर्धी फेरी जास्त पडते. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसेनने 1882 साली व्हिएन्ना येथे ती प्रथम करून दाखवली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. तीन फेऱ्यांची म्हणून जी ट्रिपल ॲक्सेल ओळखली जाते, ती प्रत्यक्षात साडेतीन फेऱ्यांची असते. साडेतीन फेऱ्या, हा आकडा कृपया लक्षात ठेवा. अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने 2022 साली लेक प्लॅसिड येथे स्पर्धेत साडेचार फेऱ्यांची ॲक्सेल पूर्ण केली, आणि तसे करणारा तो जगातला पहिला खेळाडू ठरला.

आता वेळेचा विचार करा. उडीत पाय बर्फापासून सुटल्यावर पुन्हा टेकेपर्यंत पाऊण सेकंदही मिळत नाही. आपण 'गोदावरी' हा शब्द सावकाश उच्चारतो, तेवढ्यात साडेतीन फेऱ्या पूर्ण करून, एका पायावर, पाठमोरे, बाहेरच्या धारेवर उतरायचे असते, आणि त्या क्षणी घोट्यावर आणि गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. हात छातीशी घट्ट आवळले की फिरण्याचा वेग वाढतो आणि ते पसरले की कमी होतो. भोवरा फिरवलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. सांगायचे आहे ते वेगळेच. एवढ्या थोड्या वेळात माणसाला विचार करता येत नाही. जो काही निर्णय व्हायचा तो पाय उचलण्यापूर्वी झालेला असतो, आणि त्या निर्णयात शंकेचा एक कण जरी असला तरी तो धारेवर उतरतो, धार हलते आणि उडी फसते. म्हणून या खेळात तंत्र एकीकडे आणि मन दुसरीकडे, असे वेगळे करून बोलताच येत नाही. मन डळमळले की धार डळमळते. माझे आजचे सगळे बोलणे या एका वाक्याभोवती आहे.

आणि हे सगळे संगीतावर करायचे. कबड्डीच्या मैदानात धाप लागलेला खेळाडू कमरेवर हात ठेवून उभा राहिला तर कोणी त्याचे गुण कापत नाही. स्केटिंगमध्ये चार मिनिटांच्या अखेरीला फुप्फुसे फाटायची वेळ आली तरी चेहऱ्यावर त्या सुरांचाच भाव हवा, कारण सादरीकरणाचे गुण वेगळे दिले जातात.

मी लहानपणी काही वर्षे कथक शिकले आहे, म्हणून मला नेहमी चक्करांची आठवण होते. कथकमध्ये नजर एका बिंदूवर रोखून मान सर्वांत शेवटी फिरवायला शिकवतात, आणि त्यामुळे भोवळ येत नाही. स्केटिंगमध्ये हवेत हा उपाय चालत नाही. तिथे मान शरीराबरोबरच फिरते आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणाच त्या फिरण्याला सरावते. इथे मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नृत्य असो वा स्केटिंग, दूरचित्रवाणीवर ते दाखवताना निवेदकांनी शांत राहावे. सूर चालू असताना प्रत्येक गिरकीवर बोलत राहणे हा कलाकाराचा आणि प्रेक्षकाचा, दोघांचाही अपमान आहे, असे माझे ठाम मत आहे.

असो. आता तो प्रसंग.

जपानमधील नागोया शहरात 25 सप्टेंबर 1990 रोजी माओ असादा हिचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी तिने जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंना हरवून ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेची अंतिम स्पर्धा जिंकली, पण 2006 च्या ऑलिंपिकला तिला जाता आले नाही, कारण वयाच्या अटीत ती 87 दिवसांनी कमी पडली. 2010 साली व्हँकुव्हरला तिने एकाच स्पर्धेत तीन वेळा ट्रिपल ॲक्सेल पूर्ण केली. साडेतीन फेऱ्या, तीन वेळा. तरी सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या युना किमला मिळाले आणि माओला रौप्य.

त्यानंतर तिने जे केले, त्याबद्दल मला तिचा अतिशय आदर वाटतो. ऑलिंपिकचे रौप्यपदक गाठीशी असलेल्या या मुलीने नोबुओ सातो या ज्येष्ठ प्रशिक्षकांकडे जाऊन आपल्या सर्व उड्या पायापासून नव्याने बसवायला घेतल्या. ज्या हाताला एकदा चुकीचे वळण लागले आहे, त्याला पुन्हा अक्षर गिरवायला लावणे किती कठीण असते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. मधल्या काळात तिचे निकाल घसरले आणि लोकांची कुजबुज सुरू झाली. अशातच डिसेंबर 2011 मध्ये ती स्पर्धेसाठी कॅनडात क्यूबेकला गेलेली असताना आईची प्रकृती ढासळल्याचा निरोप आला. स्पर्धा सोडून ती तातडीने परत निघाली, पण ती पोहोचण्यापूर्वीच आई गेली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि ती स्पर्धा तिने जिंकली.

आता 2014 चे, रशियातील सोचीचे ऑलिंपिक. माओ 23 वर्षांची होती. स्पर्धेचे दोन भाग असतात: पहिल्या दिवशी छोटा, ठरावीक घटकांचा शॉर्ट प्रोग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी मोठा, चार मिनिटांचा फ्री स्केटिंगचा भाग. दोन्हींच्या गुणांची बेरीज होते. 19 फेब्रुवारीच्या रात्री शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तीस खेळाडूंमध्ये तिचा क्रम शेवटचा होता. जपानमध्ये तेव्हा पहाट होत आली होती आणि असंख्य घरांत लोक दिवे लावून बसले होते. तिची पहिलीच उडी होती ट्रिपल ॲक्सेल, आणि ती पडली. पुढच्या उडीत फेऱ्या अपुऱ्या राहिल्या. ज्या दोन उड्या एकीला एक जोडून घ्यायच्या होत्या, ती जोडीही तिला पूर्ण करता आली नाही. गुण मिळाले 55.51 आणि क्रमांक लागला सोळावा. पदक त्याच रात्री हातचे गेले होते. त्यातच जपानच्या एका माजी पंतप्रधानांनी जाहीरपणे म्हटले की, ही मुलगी नेमकी महत्त्वाच्या वेळी पडते. मोठ्या माणसांनी असे बोलताना दहादा विचार करावा. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी अशीच वाक्ये उच्चारली जातात आणि ती मुलांच्या मनात वर्षानुवर्षे रुतून बसतात.

मधे एक रात्र होती. एकच रात्र. त्या रात्री तिच्या मनात काय चालले होते, हे मी सांगणार नाही, कारण ते तिचे आहे. पण मघाचे वाक्य आठवा: मन डळमळले की धार डळमळते. ज्या उडीने आदल्या रात्री दगा दिला, तीच ट्रिपल ॲक्सेल दुसऱ्या दिवशीही तिची पहिलीच उडी होती. ती वगळून दोन फेऱ्यांची सोपी उडी घेण्याची मुभा तिला होती. सोळाव्या क्रमांकावरच्या खेळाडूने तसे केले असते तर कोणी बोलही लावला नसता.

20 फेब्रुवारीला ती बर्फावर आली. सोळावा क्रमांक असल्यामुळे तिला पदकाच्या दावेदारांच्या बऱ्याच आधी, दुसऱ्याच गटात उतरावे लागले. निळा पोशाख, पियानोचे पहिले गंभीर सूर, एक लांबलचक वळण, आणि मग समोर तोंड करून डावा पाय टेकला. गोदावरी म्हणण्याइतका वेळ. साडेतीन फेऱ्या. ती उतरली, पाठमोरी, बाहेरच्या धारेवर, स्थिर. ही उडी आणि जोडउड्यांमधल्या धरून, एकामागून एक, तीन-तीन फेऱ्यांच्या आठ उड्या तिने घेतल्या, सहाही प्रकारच्या. चार मिनिटांत आठ उड्या, आणि एकदाही ती पडली नाही. परीक्षकांनी काही उड्यांवर अपुऱ्या फेरीचा आणि धारेचा आक्षेप घेतला, आणि तो त्यांचा अधिकारच आहे. पण संगीत थांबले, तिने मान वर केली, आणि इतका वेळ सुरांच्या स्वाधीन असलेला तिचा चेहरा एका क्षणात कोसळला. ती रडली. मग तिने डोळे पुसले, हसली आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला.

तिला 142.71 गुण मिळाले, तोपर्यंतच्या तिच्या कारकिर्दीतील फ्री स्केटिंगचे सर्वाधिक. त्या भागापुरती ती तिसरी होती. आदल्या रात्रीच्या तुटीमुळे एकूण क्रमांक मात्र सहावाच राहिला. महिनाभराने, मार्च 2014 मध्ये जपानमधल्याच साइतामा येथे जागतिक स्पर्धा झाली. तिथे तिने शॉर्ट प्रोग्रॅममध्ये 78.66 गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला आणि तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवले. 2017 च्या एप्रिलमध्ये ती स्पर्धांतून निवृत्त झाली.

जिच्यापायी माओचे एक ऑलिंपिक हुकले, ती वयाची अट 2022 साली आणखी वाढवून ज्येष्ठ गटासाठी टप्प्याटप्प्याने 17 वर्षांपर्यंत नेण्यात आली आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. माझी भाची गंगापूर रोडवर चाकांच्या स्केटिंगच्या वर्गाला जाते, आणि तिच्याही तोंडी ॲक्सेल, साल्को हीच नावे असतात, कारण चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये उड्यांची नावे तीच आहेत. वर्गाच्या कडेला उभे राहून आठ वर्षांच्या मुलांना ओरडून सूचना देणारे पालक मी तिथे पाहते. त्यांनी कृपया बाकावर बसावे आणि सूचना प्रशिक्षकांना देऊ द्याव्यात, ही माझी विनंती आहे.

सोचीतील त्या चार मिनिटांचे चित्रण आजही पाहायला मिळते. ते पाहाल तेव्हा पहिल्यांदा फक्त तिचे पाय पाहा, आतली धार, बाहेरची धार. दुसऱ्यांदा पाय विसरून फक्त चेहरा पाहा, पहिल्या उडीच्या आधीचा आणि अगदी शेवटचा.

नमस्कार.