बिननावाची गोळी

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे सतरंजीवर यायला हरकत नाही, गुडघे हो म्हणत असतील तर.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. फार्मासिस्टही नाही. नौपाड्यात आमचं मेडिकल होतं, 28 वर्षं. लायसन्स यांच्या नावावर, फार्मासिस्ट हे. मी बी.कॉम. गल्ला, उधारी, स्टॉकिस्टची बिलं आणि संध्याकाळच्या गर्दीत काउंटर, हे माझं खातं. त्यामुळे औषध म्हटलं की मला आतलं रसायन दिसायचं नाही, रॅकमधला कप्पा दिसायचा. डोकेदुखी डावीकडे वर, जुलाब मधल्या रांगेत, ॲसिडिटी हाताशी, कारण ती सगळ्यात जास्त खपायची. आजची गोष्ट त्या मधल्या रांगेतली आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी कल्याणला भाचीचं लग्न होतं. जेवण बाधलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवसांत पोट थांबलं. पण पहिल्याच दिवशी संध्याकाळी उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चुरचुरायला लागलं. लाल वर्तुळ, जुन्या रुपयाएवढं, मध्ये वांग्यासारखं जांभळट. खालच्या ओठालाही तसंच. सासूबाई म्हणाल्या, "ताप मुतला असेल." म्हटलं, ताप कुठे होता, जुलाब होते. मग त्या म्हणाल्या, मनगटावर कोळी मुतला असेल. (हसू नका, तुमच्याही घरी हेच म्हणतात.) शेजारच्या वहिनींनी विचारलं, इस्त्री लागली का? मी सब्जा भिजवून प्यायले, गुलकंद खाल्ला. लाली गेली, मागे राखाडी डाग राहिला. तो राहिलाच.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोट बिघडलं. या वेळी डॉक्टर कशाला? मी मधल्या रांगेतून चार गोळ्या कापून घेतल्या. औषधाचं दुकान असलेली माणसं औषध घेतात ती वाण्याच्या मुलाने गूळ तोंडात टाकावा तशी. दुपारी गोळी, संध्याकाळी तोच डाग पेटला. तीच जागा, तोच आकार. त्याच्या पुढच्या वर्षी परत. तेव्हा मात्र ओठावर फोड आला आणि जेवताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

बाई तरुण होत्या, शांत होत्या. डाग बघून म्हणाल्या, "दरवेळी इथेच येतो?" हो. "येण्याआधी चार-सहा तासांत काय घेतलं होतंत?" मी म्हटलं, काही नाही. "काहीच नाही?" जुलाबाची गोळी घेतली होती तेवढीच. "कुठली?"

मला सांगता येईना. मधल्या रांगेतली. पांढरी, लांबट. त्या म्हणाल्या, स्ट्रिप घेऊन या.

घरी येऊन पर्स उलटी केली. उरलेली एक गोळी सापडली, ॲल्युमिनियमच्या चौकोनी तुकड्यात. मागे छापलेलं काय, तर "...ets I.P." आणि अर्धी लाल रेघ. बाकी नाव कापलं गेलं होतं. कापलं कोणी? मीच. दहाची स्ट्रिप, गिऱ्हाईक म्हणतं चारच द्या, आपण कात्री चालवतो. काही कंपन्या नाव सगळ्या पाठीवर पुन्हा पुन्हा छापतात, त्यांचं ठीक. पण बऱ्याच स्ट्रिप्सवर आत काय आहे ते मध्यावर बारीक अक्षरात असतं आणि बॅच नंबर, तारीख एका कडेला. एका गिऱ्हाइकाला नाव जातं, दुसऱ्याला तारीख, तिसऱ्याच्या वाट्याला नुसता चांदीचा कागद. खाकी पुडीत घालून द्यायचं, वर पेनाने 1-0-1. 28 वर्षांत अशा किती पुड्या दिल्या असतील!

यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलेल्या गोळ्यांची स्ट्रिप काढली. मग मी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घेतलेलीची काढली. ती वेगळ्या कंपनीची, कारण मधे स्टॉकिस्टने स्कीम दिली होती, दहावर एक फुकट. दोन्ही पालथ्या करून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या, स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच."

वर नावं वेगळी, रंग वेगळे. खाली दोन्हीकडे एकच ओळ. ओफ्लॉक्सासिन 200 मिलिग्रॅम, ऑर्निडाझोल 500 मिलिग्रॅम.

या प्रकाराला डॉक्टर फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. नाव जुनं आहे, 1894 मध्ये ब्रोक नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने दिलेलं. मला त्या बाईंनी समजावलं ते असं. शरीराच्या संरक्षण करणाऱ्या काही पेशी पहिल्या भांडणानंतर घरी जातच नाहीत, त्वचेत त्याच जागी तळ ठोकून बसतात. तेच औषध रक्तातून पुन्हा आलं की तिथल्या तिथे उठतात. म्हणून डाग जागा सोडत नाही. आणि त्या मारामारीत कातडीतला रंग खालच्या थरात सांडतो, म्हणून काळं लवकर जात नाही. माझं मनगट पहिल्या रांगेतल्यांना दिसत असेल.

दोन औषधांपैकी गुन्हेगार कोण, हेही त्यांनी शोधलं. दवाखान्यात समोर बसवून आधी ओफ्लॉक्सासिन दिलं, काही झालं नाही. काही आठवड्यांनी ऑर्निडाझोलचा लहानसा तुकडा. अडीच तासांत मनगट चुरचुरायला लागलं. मला तर चोर सापडल्याचा आनंद झाला. हे घरी करून बघायचं नाही हं, मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे करून बघणारे आहेत. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल ही त्याच घराण्यातली भावंडं, त्यांच्यापासूनही जपा, असं त्यांनी लिहून दिलं.

माझी ॲलर्जी त्यातल्या त्यात गरीब स्वभावाची. सगळ्या तशा नसतात. गोळी किंवा इंजेक्शननंतर काही मिनिटांत, तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची नेहमीची गोळी, देऊन वाट बघत बसायचं नाही. माणसाला आडवं करायचं, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही. 108 लावायचा. तिथे उपयोगी पडतं ते ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. दुसरा प्रकार सावकाश येतो, औषध सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी. ताप, डोळे लाल, तोंड आतून सोलवटलेलं, अंगावर फोड. सल्फाच्या गोळ्यांनी होतो, आकडीच्या काही औषधांनी होतो. त्यात औषध लगेच बंद आणि थेट मोठं हॉस्पिटल.

आणि आता उलट बाजू, कारण इथे बसलेल्यांपैकी निदान चारजण मनात म्हणत असतील, मला पेनिसिलिन चालत नाही. कसं कळलं? काउंटरवर मी हे विचारायचे. एक म्हणायचे, लहानपणी टोचल्यावर चक्कर आली होती. अहो, सुईला घाबरून येते ती. एक बाई म्हणाल्या, ॲमॉक्सिसिलिनने (तेही पेनिसिलिनच्याच घराण्यातलं) जुलाब झाले. तो दुष्परिणाम, ॲलर्जी नव्हे. एकांना अंगावर पुरळ आलं होतं, पण ते तापाच्या विषाणूचं की गोळीचं, कोणी पाहिलंच नव्हतं. इंग्लंड-अमेरिकेत दहातला एकजण असा शिक्का घेऊन फिरतो, आणि नीट तपासलं तर त्यातल्या दहापैकी नऊजणांना पेनिसिलिन चालतं. ज्यांना खरोखर होती त्यांचीही बहुतेकांची दहा वर्षांत ओसरते.

मग शिक्का राहिला म्हणून बिघडलं काय? बिघडतं. साधं, स्वस्त, नेमकं औषध सोडून डॉक्टरांना जास्त भारी, जास्त जंतूंवर चालणारं काहीतरी लिहावं लागतं. संधिवाताच्या तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्यात, त्या पोरांना दर 21 दिवसांनी पेनिसिलिन टोचतात, वर्षानुवर्षं. तिथे खोटा शिक्का किती महाग पडेल बघा. आपल्या पिंपरीत 1955 मध्ये सरकारी कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं. आमच्या वडिलांच्या पिढीला त्याचं कोण अप्रूप होतं! आपण ते "मला सोसत नाही" म्हणून मोडीत काढतो.

म्हणून "सोसत नाही" एवढं डॉक्टरांना पुरत नाही. आतल्या औषधाचं नाव, केव्हा घेतलं, किती वेळाने काय झालं, हे लागतं. मी पर्समध्ये एक कार्ड ठेवते, ऑर्निडाझोल असं मराठीत आणि इंग्रजीत लिहून, खाली मनगट, ओठ, अडीच तास. यांनी ते लॅमिनेट करून दिलं, वर आमच्या दुकानाचा शिक्का मारला. तेवढी हौस. गोळीने त्रास झालेला कळवायला सरकारचा फुकट नंबरही आहे, 1800-180-3024.

मी पुढची दहा वर्षं काउंटरवर काय केलं, तर कात्री चालवायच्या आधी पुडीवर नाव लिहायला लागले. संध्याकाळच्या गर्दीत रांग ओरडायची. "काकू, चार गोळ्यांसाठी निबंध लिहिताय का?" काहीजण समोरच्या दुकानात जायला लागले. धंद्याच्या दृष्टीने चुकलंच माझं थोडं.

हं, आजी, तुमचा हात केव्हाचा वर आहे. काय आहे, पुडी? द्या इकडे. पास करा जरा.

तीन गोळ्या आहेत. पांढऱ्या, गोल, मधे रेघ. मागे काहीच छापलेलं नाही. कशासाठी दिल्यात? दाढ दुखत होती... आणि काल घेतल्यापासून अंगाला खाज येतेय. श्वासाला काही? घसा? नाही. बरं, आजची गोळी घेऊ नका.

नाही आजी, मला नाही सांगता येणार. अशा गोल पांढऱ्या आमच्याकडे पन्नास प्रकारच्या होत्या. चिठ्ठी घरी आहे? नाही. मग मेडिकल कुठलं? गोखले रोडवरचं? ते नऊपर्यंत उघडं असतं. चला, आपण दोघी जाऊन येऊ. उरलेली स्ट्रिप त्यांच्याच ड्रॉवरमध्ये असेल, आणि तिथून तसंच तुमच्या डॉक्टरांकडे. कोणीतरी यांची काठी द्या.