दोनदा ओढा, एकदा ढकला

(दृश्य : व्हीलचेअरचा ब्रेक, अगदी जवळून)

खट्. मग दुसऱ्या बाजूचा, पुन्हा खट्. दोन्ही ब्रेक लागले. आता जरा खाली, पुढच्या छोट्या चाकांकडे बघा. ब्रेक लावायच्या आधी खुर्ची वीतभर मागे सरकवली होती, त्यामुळे ही चाकं वळून पुढे गेली आहेत. खुर्चीचा पाया पुढच्या बाजूला तेवढाच लांबला. रबरी पट्टा ओढताना सगळा जोर माणसाला पुढे खेचतो. चाकं मागे वळलेली राहिली, तर खुर्ची पुढे कलंडायला फार काही लागत नाही. पावलं पायपाटीवर नीट बसली आहेत ना, हेही पाहायचं. धडाला तोल नसेल, तर छातीवरून रुंद पट्टा बांधायचा. घट्ट नको, श्वास घेताना फासळ्या मोकळ्या हलल्या पाहिजेत.

हालचाल कमी झालेल्या माणसाचं वजन वाढतं तेव्हा सल्ला मिळतो तो घाम गाळायचा. आम्ही कॅमेरा लावला तो दुसऱ्याच गोष्टीवर. या हातांवर, आणि त्याहून जास्त पाठीवर.

(दृश्य : जुनं छायाचित्र. खुर्चीत बसलेले तिरंदाज, ताणलेली धनुष्यं)

29 जुलै 1948. लंडनमध्ये ऑलिम्पिकचं उद्घाटन चालू होतं. त्याच दिवशी इंग्लंडमध्येच, स्टोक मँडेविलच्या रुग्णालयाच्या आवारात, 16 जण व्हीलचेअरवरून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. 14 पुरुष, 2 स्त्रिया. तिथला मज्जारज्जूच्या इजांचा विभाग डॉ. लुडविग गुटमान यांनी 1944 मध्ये सुरू केला होता. तोवर अशा रुग्णांना नुसतं निजवून ठेवत. पाठीला दाबाच्या जखमा, लघवीचा संसर्ग, आणि मग फार दिवस नाहीत. गुटमान यांनी दर दोन तासांनी रुग्णांची कूस बदलायला लावली, आणि त्यांच्या हाती खेळ दिला. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं, ते सर्वांना ठाऊक आहे.

पण तिरंदाजीच का? छायाचित्रातला मागे गेलेला कोपर बघा. दोरी ताणताना पाठीतला फरा, म्हणजे खांद्यामागचं सपाट हाड, मणक्याकडे सरकतो, खांदा मागे येतो, धड ताठ राहतं. दिवसभर चाकं पुढे लोटणाऱ्या माणसाच्या शरीराला नेमकं हेच मिळत नाही. छाती आणि खांद्याचे पुढचे स्नायू कामाने आखडतात, पाठीचे सैल पडतात, खांदा पुढे झुकतो आणि सांध्यातला स्नायूबंध हाडाखाली घासायला लागतो. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जाताना सगळा भार पुन्हा याच खांद्यावर. खुर्चीतल्या माणसाचे पाय म्हणजे त्याचे खांदे. ते दुखावले की व्यायाम तर थांबतोच, घरातलं हिंडणंही थांबतं.

म्हणून हिशेब साधा : ढकलण्याचा एक व्यायाम, तर ओढण्याचे दोन.

(दृश्य : पट्टा दारात अडकवला जातो)

पट्टा दारात अडकवताना, दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूला बसायचं. म्हणजे ओढल्यावर दार चौकटीत आणखी घट्ट दाबलं जातं. कडीही लावायची, नाहीतर पलीकडून कुणीतरी सहज दार उघडतं आणि ताणलेला पट्टा सुटून तोंडावर येतो. पट्टा छातीच्या खालच्या कडेच्या उंचीला हवा. दर वेळी उजेडात ताणून बघायचा. बारीक चीर, चिकटपणा किंवा पांढुरकी रेघ दिसली की टाकून द्यायचा. गाठ मारून पुन्हा वापरायचा नाही. पट्टा किती जड ते रंगावरून ठरवू नका, प्रत्येक कंपनीचा लाल वेगळा. एक मात्र विसरू नये : स्पायना बायफिडा (जन्मतःच मणक्यात राहिलेली फट) असलेल्यांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी बरीच आढळते. त्यांनी लॅटेक्स नसलेलाच पट्टा घ्यावा.

मूठ वळत नसेल, तर पट्टा हाताला गुंडाळायचा मोह होतो. तो आवरावा. त्वचेला संवेदना नसेल तर रुतलेला पट्टा कळत नाही, बोटं निळी पडल्यावर कळतं. मनगटाला रुंद, मऊ कफ बांधून त्याच्या कडीत पट्टा अडकवायचा.

(दृश्य : पाठीमागून. दोन्ही फरे जवळ येतात, सावकाश दूर जातात)

आधी खांदे खाली सोडायचे, कानांपासून लांब. मग कोपर बरगड्यांना घासत मागे न्यायचे. हाताने ओढतोय असं मनात आणू नका, कोपराने मागच्या भिंतीला टेकायचंय असं समजा. फरे जवळ आले की एक आकडा थांबायचं आणि तीन आकडे मोजत परत यायचं. परत येणं घाईत उरकलं तर अर्धा व्यायाम वाया. आकडे मोठ्याने म्हणायचे. नुसती सवय म्हणून नव्हे. बोलताना श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

10 ते 12 वेळा, मग मिनिट-दोन मिनिटं विसावा, मग पुन्हा तेवढंच. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. शेवटच्या दोन खेपा जड जाव्यात, पण त्या नादात मान पुढे निघाली किंवा खांदे वर चढले तर पट्टा जास्त जड आहे. लागोपाठ दोन दिवस 15 वेळा सहज झालं की पट्टा चार बोटं आखूड धरायचा. ओढण्याचा दुसरा प्रकार याहून हलका : पट्टा मांडीवर दोन्ही हातांत धरायचा, कोपर अंगाला चिकटवून हाताचे पंजे बाहेर उघडायचे. लहानसा व्यायाम, लोक वगळतात, आणि खांदा टिकतो तो याच्यावर. ढकलण्यासाठी पट्टा पाठीमागून घेऊन छातीसमोर. डोक्यावर जड वजन उचलणं मात्र दुखऱ्या खांद्याने करूच नये.

(दृश्य : साधी खुर्ची, भिंतीला टेकवलेली. वर दोन उशा)

उभं राहता येतं, पण गुडघ्यांची झीज आहे, तोल जातो, वजनामुळे उठवत नाही, अशांसाठी ही खुर्ची. चाकं नसलेली, मागून भिंतीला टेकलेली. साधारण बैठक 43 ते 45 सेंटिमीटर उंच असते. तेवढ्यावरून उठता येत नसेल, तर कडक उशा टाकून उंची वाढवायची. मऊ सोफा नको, त्यात बूड रुतलं की गुडघ्यावर जास्त काम पडतं.

या बाई काय करतायत ते क्रमाने बघा. आधी बसल्या-बसल्या दहा वेळा पावलं वर-खाली. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला एकदम उठल्यावर घेरी येऊ शकते, म्हणून ही तयारी. मग बूड पुढच्या कडेला. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पावलांत कमरेएवढं अंतर. आता कमरेतून पुढे वाकायचं, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या वर येईल. तिथून उठायचं. सरळ वर उठायला गेलं की माणूस मागे पडतो. बऱ्याच जणांना उठता येत नाही ते वाकायचा धीर होत नाही म्हणूनही, दर वेळी पायांत जोर नसतो म्हणूनच नाही.

समोर वॉकर आहे, पण त्याला धरून ओढायचं नाही, तो अंगावर येतो. हात खुर्चीवर रेटायचे, उभं राहिल्यावर वॉकर.

आणि बसताना? इथे कॅमेरा मुद्दाम गुडघ्यांवर ठेवलाय. एक... दोन... तीन... चार. धप्पकन बसायचं नाही. स्नायू खरा घडतो तो या उतरण्यात. गुडघे आत वळत असतील, तर मांडीला, गुडघ्याच्या वर, पट्ट्याची कडी घालून बाहेर रेटत राहायचं. सुरुवात पाच-पाचच्या दोन फेऱ्यांनी. दोन तासांनी सांधा व्यायामाच्या आधीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या खेपेला कमी करायचं. पोलिओनंतरचा अशक्तपणा किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असेल, तर निकष आणखी कडक : दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

(दृश्य : टेबलावरचं हाताचं पेडल, फिरणारी सावली)

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये अपंगत्व असलेल्यांसाठी पहिल्यांदाच शिफारशी दिल्या. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल. आकडा मोठा वाटतो. मज्जारज्जूची इजा असलेल्यांसाठीच्या मार्गदर्शनात आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं, इथून सुरुवात आहे. मध्यम म्हणजे वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. नुसत्या नाडीवर विसंबू नका. बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीचं औषध) घेणाऱ्याची नाडी पुरती चढत नाही.

एक गोष्ट सांगूनच टाकू. 70 किलोच्या माणसाने हाताचं पेडल मध्यम गतीने 20 मिनिटं फिरवलं, तरी साठ-सत्तर कॅलरींच्या आसपासच जळतात, आणि त्यातल्या काही तर नुसतं बसूनही जळल्या असत्या. हाताचे स्नायू लहान. दम पायांपेक्षा लवकर लागतो, खर्च मात्र कमी. हे पेडल हृदयासाठी आहे. पोटावरची चरबी पोटाचे व्यायाम करून उतरत नाही, दंडावरची दंडाचे करून नाही. टोनिंग म्हणतात ते दोन गोष्टींनी येतं : खाली स्नायू भरणं, वरून चरबी उतरणं.

चरबी उतरते ती ताटातून. रोज 250 ते 500 कॅलरी कमी, म्हणजे आठवड्याला साधारण पाव ते अर्धा किलो. याहून घाई केली की उतरलेल्या वजनात स्नायूही जातो, आणि कमी हलणाऱ्या माणसाला तो परत मिळवणं फार जड जातं. प्रथिनं किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, तिन्ही वेळांत विभागून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. संडासला जाणं नको म्हणून पाणी तोडू नका. स्टेरॉइड, नसांच्या दुखण्यावरचं प्रेगाबालिन अशा काही औषधांनी वजन वाढू शकतं. मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं.

(दृश्य : उताराचा वजनकाटा, खुर्चीसकट माणूस वर चढतो)

आधी रिकाम्या खुर्चीचं वजन, उशी आणि पायपाट्यांसकट. मग माणसासकट. वजाबाकी. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच वेळी. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, नेहमीच्या तक्त्यावर विसंबू नये. लकवा झालेल्या पायांत स्नायू घटलेला असतो, म्हणून तक्ता बरोबर सांगतो तेव्हाही चरबी जास्त निघते. मज्जारज्जूच्या इजेनंतर बीएमआय 22 झाला की सावध व्हावं असं सुचवलेलं आहे. कंबर टेपने मोजलेली बरी, दर वेळी त्याच स्थितीत.

(दृश्य : काळी पाटी, फक्त आवाज)

हे आम्हाला चित्रित करता आलं नाही, तरी ऐका. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल आणि व्यायामात अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटला, तर रक्तदाब भडकला आहे. आडवं करू नका. ताठ बसवा, पाय खाली, सगळे पट्टे सैल. लघवीची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का, ते बघा. लगेच उतरलं नाही तर तातडीने दवाखाना. अशा माणसाचा नेहमीचा वरचा दाब 90 ते 110 असतो, त्यामुळे 140 सुद्धा त्याला धोक्याचा. दवाखान्यात हे माहीत नसेल तर समजावून सांगा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी साखर तपासायची. 90 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम कर्बोदकं खाऊन मग बसायचं. छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं.

(दृश्य : पुन्हा खुर्ची. माणूस पुढे झुकतो, छाती मांड्यांवर)

बुडावरचा दाब उतरावा म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी असं झुकायचं आणि दोन मिनिटं तसंच राहायचं. क्षणभर हातांवर उचलून पुन्हा बसलं, तर दबलेल्या त्वचेत रक्त पुरतं परतत नाही, खांद्यावर भार मात्र पडतो. व्यायाम संपल्यावर आरशाने बुडाची त्वचा बघायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या जागेवर बसणं बंद, डॉक्टरांना दाखवणं चालू.

(दृश्य : दोन उशांची खुर्ची. बाई उठतात, बसतात)

दहा... अकरा... बारा. लागोपाठ तीन खेपा बारा झाल्या की वरची उशी काढायची, आणि पुन्हा पाचपासून.

(दृश्य : हात येतो, वरची उशी उचलतो)