खोली रिकामी नव्हतीच

मघाशी ओळख करून देताना ‘मेंदूची किमया’ असा शब्द आला. किमया वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. विषय आहे अंध माणसाचा मेंदू. सुरुवात एका बाईंपासून करतो.

या बाई जन्मांध. लहानपणापासून सराईतपणे ब्रेल वाचणाऱ्या. साठी ओलांडल्यावर त्यांना मेंदूचा झटका आला आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा, दोन्हीकडचा भाग निकामी झाला. बोटांची संवेदना शाबूत राहिली, पण ब्रेल वाचता येईना. अल्वारो पास्क्युअल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली ही नोंद प्रसिद्ध केली. आता गंमत बघा. डोक्याच्या मागचा हा भाग, म्हणजे ऑक्सिपिटल कॉर्टेक्स, तुमच्या-माझ्यात पाहण्याचं काम करतो. ज्या बाईंनी जन्मात काही पाहिलं नाही, त्यांचा तो भाग बिघडला आणि गेलं काय, तर वाचन.

त्याआधी 1996 साली नोरिहिरो सदातो यांच्या गटाने दाखवलं होतं की अंध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा हाच भाग कामाला लागतो. पण स्कॅनमध्ये भाग नुसता पेटलेला दिसला म्हणून तो काम करतोच असं नाही. कुणी म्हणेल, शेजारच्या घरातला उजेड खिडकीतून दिसतोय. म्हणून पुढच्याच वर्षी लिओनार्दो कोहेन आणि मंडळींनी बाहेरून चुंबकीय ठोके देऊन तो भाग क्षणभर गोंधळवला. लहानपणीच दृष्टी गेलेले वाचक अडखळले. टिंबं गायब झाली, नसलेली जाणवू लागली. डोळस माणसांना उठावाची रोमन अक्षरं चाचपायला देऊन तिथेच ठोके दिले, तर त्यांना ढिम्म फरक पडला नाही.

ब्रेलवाचन जवळून पाहिलंय का कुणी? मध्यंतरी एका अंधशाळेत पाचवीतल्या एका मुलीशेजारी तासभर बसलो होतो. उजवी तर्जनी ओळीवरून घसरत जाते आणि ती ओळीच्या शेवटाला पोचायच्या आतच डावी तर्जनी खालच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन थांबलेली असते. लिहिताना पाटीवर सळईने टिंबं टोचायची, तीही उजवीकडून डावीकडे, कारण उठाव येतो कागदाच्या पाठीवर. मी विचारलं, “‘किती’ कसं लिहितेस?” म्हणाली, “क, मग इ, मग त, मग ई. तुमच्यासारखी आधी वेलांटी काढून क ची वाट बघत नाही, सर.” बरोबरच आहे. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, स्वर व्यंजनाच्या मागून येतो, तोंडातून निघतो त्याच क्रमाने. छापील देवनागरीतली पहिली वेलांटी तिच्या लेखी उलटीच. हे ऐकून माझ्यातल्या मराठीच्या माणसाला जरा ओशाळल्यासारखं झालं.

असो. या सगळ्याचा अर्थ लावायला आम्ही लोक वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगत आलो, मीही सांगितली आहे. दृष्टी ही घरमालकीण. ती आलीच नाही, खोली रिकामी पडली, म्हणून स्पर्श आणि आवाज पोटभाडेकरू म्हणून घुसले. मुंबईच्या श्रोत्यांना ही गोष्ट फार आवडते. आता मला ती पटत नाही.

पहिली अडचण पाच दिवसांची. लोत्फी मेराबेत यांच्या गटाने धडधाकट डोळस माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस घट्ट पट्टी ठेवली आणि त्यांना ब्रेल शिकवलं. पाच दिवसांत त्यांचाही दृष्टीचा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला. पट्टी काढली, चोवीस तासांत सगळं पूर्ववत. पाच दिवसांत डोक्यात एवढ्या लांबच्या नव्या तारा ओढल्या जात नाहीत, आणि एका दिवसात उपटल्याही जात नाहीत. म्हणजे तारा आधीपासून होत्या, दबून होत्या.

दुसरी अडचण त्याहून मोठी, आणि आज इथे यायचं खरं कारण तीच. माणूस काही न करता स्कॅनरमध्ये नुसता पडून असतो, तेव्हाही मेंदूचे भाग आपापल्या लयीत वरखाली होत असतात. ज्यांची लय जुळते ते एकमेकांशी जोडलेले, असं आपण धरतो. डोळस प्रौढांमध्ये दृष्टीच्या भागांची लय ऐकण्याच्या आणि स्पर्शाच्या भागांशी जास्त जुळते. जन्मांध प्रौढांमध्ये ती कपाळामागच्या भागांशी, म्हणजे विचार, भाषा, लक्ष सांभाळणाऱ्या भागांशी जास्त जुळते. आजवर आपण म्हणायचो, अंधत्वामुळे ही जोडणी बदलली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मरीना बेडनी यांच्या गटाने मग शेकडो नवजात बाळांचे स्कॅन शेजारी ठेवले, डोळस बाळांचे. मुख्य दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळ्यांचा संदेश मेंदूच्या सालीत आधी पोचतो तो भाग, सोडून दृष्टीच्या बाकीच्या भागांत ही बाळं डोळस प्रौढांसारखी दिसली नाहीत. ती जन्मांध प्रौढांसारखी दिसली.

यावर जरा थांबू या. या भागांपुरतं बोलायचं तर बदललो आपण, डोळस लोक. बघून बघून आपली जोडणी दुसरीकडे वळली. अंध मुलाची मूळची राहिली आणि वापराने पक्की झाली. तमार मेकिन आणि जॉन क्राकाउअर यांनी 2023 मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की मेंदूची ‘पुनर्रचना’ हा शब्दच आपण फार सैल वापरतो. असतं तेच बळकट होतं. त्यांचं सगळंच मला मान्य नाही, पण खोली रिकामी नव्हती एवढं खरं.

पालक विचारतात, हे कोणत्या वयात घडतं? बेडनी यांच्याच गटाने 4 ते 17 वर्षांची अंध मुलं तपासली होती. बोललेल्या भाषेला त्यांचा दृष्टीचा भाग चौथ्या वर्षीच पुरेपूर प्रतिसाद देत होता, आणि ब्रेल येतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. भाषेखेरीजच्या आवाजांचा प्रतिसाद मात्र वयाबरोबर वाढत गेला. उलट बाजूने पाहिलं, तर साधारण चौदाव्या वर्षानंतर दृष्टी गेलेल्यांवर कोहेन यांनी तेच चुंबकीय ठोके दिले, तेव्हा त्यांचं ब्रेल बिघडलं नाही. म्हणून घरातल्या आजीला माझं सांगणं असतं, बाळाला दिसत नाही म्हणून त्याच्याशी बोलायचं कमी करू नका, दुप्पट बोला. ब्रेलची पाटी यायला वेळ आहे.

मग पुढचा प्रश्न येतोच. उशिरा शस्त्रक्रिया केली तर? दिल्लीच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयाच्या साथीने पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ प्रकल्प चालवला, जन्मजात मोतीबिंदू वगैरे असलेल्या मुलांसाठी. 8 ते 17 वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच विचारलं, आत्ता हाताने चाचपलीस ती वस्तू या दोन्हींतली कोणती, नजरेने ओळख. उत्तरं जवळपास छापा-काट्यासारखी आली. काही दिवसांतच मात्र ती सुधारू लागली.

आणि दृष्टी आली की जुनी कामं हाकलली जातात का? अमेरिकेचे माइक मे तिसऱ्या वर्षी स्फोटात अंध झाले, 2000 साली सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना एका डोळ्याने दिसू लागलं. चेहरे त्यांना नीट ओळखता येत नाहीत, हालचाल छान कळते. मेलिसा साएन्झ यांनी 2008 मध्ये त्यांच्या मेंदूतला हालचाल टिपणारा भाग तपासला. तो डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देत होता आणि कानांवरून सरकत जाणाऱ्या आवाजालाही. मे अंध असताना वाटाड्याच्या हाकेवर बर्फाच्या उतारावरून स्कीइंग करत. दिसू लागल्यावर सुरुवातीला, उतार अवघड आला की ते डोळे मिटून घ्यायचे.